पेंग्विनचें घर कोठें?

उन्हाळ्याच्या सुटींतील एक दुपार. नागपूरची दुपार म्हणजे काय, हें नागपूरकरांस सांगावयास नको आणि इतरांस सांगून पटावयाचें नाहीं. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला होता, रस्ते ओस पडले होते, आणि आमच्या माजघरांत कूलरच्या वाळ्याचा ओलसर वास दरवळत होता. घरांतलीं सारीं मुलें गारव्याला तेथें जमलीं होतीं. माझा धाकटा पुतण्या चित्र काढीत बसला होता. चित्रांत सर्वत्र बर्फ, बर्फावर ऐटींत उभा असलेला एक पेंग्विन पक्षी, आणि त्याच्या पाठीमागें जबडा पसरलेलें पांढरें अस्वल. मला पाहतांच त्यानें विचारलें, "काका, हें अस्वल ह्याला खातें का हो?"

मीं उत्तर देण्याच्या आधींच माझ्या आईनें आपलें मत देऊन टाकलें. "अरे, त्या बिचाऱ्याला आधींच बर्फांतून उचलून मुंबईच्या घामांत आणून ठेवलें आहे. आणखी अस्वल कशाला पाठवतोस त्याच्यावर?" गेल्या दिवाळींत आम्ही सर्वजण मुंबईस गेलों होतों, तेव्हां भायखळ्याच्या राणीच्या बागेंतले पेंग्विन पाहून आलों. तेव्हांपासून आईच्या मनांत ही करुणा घर करून राहिली आहे.

विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या चित्रांत चुका दोन आहेत. एक एकट्या पुतण्याची, आणि दुसरी आम्हां सर्वांची.

पहिली चूक अस्वलाची. पांढरें अस्वल उत्तर ध्रुवाकडचें आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धांतला. प्राणिसंग्रहालयें सोडलीं तर ह्या दोघांची भेट सृष्टीच्या आरंभापासून झालेली नाहीं. मौजेची गोष्ट अशी कीं, 'पेंग्विन' हें नांव मात्र मूळचें उत्तरेकडचेंच. उत्तर अटलांटिक महासागरांत ग्रेट ऑक नांवाचा एक मोठा, काळा-पांढरा, उडतां न येणारा पक्षी असे. खलाशी त्याला पेंग्विन म्हणत. पुढें हेच खलाशी दक्षिणेच्या समुद्रांत गेले, तेथें तसाच उभा राहणारा पक्षी त्यांना दिसला आणि त्यांनीं ओळखीचें नांव त्याला देऊन टाकलें. वास्तविक दोघांचें गोत्र अगदीं निराळें. नांवाचा मूळ धनी मात्र मांसासाठीं आणि पिसांसाठीं मारला जाऊन नाहींसा झाला. आइसलंडजवळच्या एल्डी नांवाच्या खडकाळ बेटावर १८४४ सालीं त्याचें शेवटचें ज्ञात जोडपें मारलें गेलें. आज जगांत जे पेंग्विन आहेत ते ह्या अर्थानें दत्तक नांवाचे होत. उत्तरेकडे पेंग्विन वसविण्याचा प्रयत्नहि होऊन गेला आहे. १९३६ सालीं नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर कांहीं राजा पेंग्विन नेऊन सोडले होते. थोडीं वर्षें ते इकडेतिकडे दिसत राहिले आणि मग नाहींसे झाले.

दुसरी चूक बर्फाची, आणि ती अधिक मोठी. पेंग्विनच्या जाती सुमारें १८ मानतात. त्यांपैकीं अंटार्क्टिका खंडाच्या कांठावर घर करणाऱ्या फार तर पांच. बाकीच्यांपैकीं कित्येकांच्या दृष्टीस जन्मांत बर्फाचा कण पडत नाहीं. राणीच्या बागेंतला हम्बोल्ट पेंग्विन हा अशांपैकींच एक होय. मग ह्या पक्ष्याचें घर आहे तरी कोठें? त्यासाठीं आम्हीं फडताळांतला पृथ्वीचा गोल खालीं काढला. वाचकांच्या घरीं असा गोल असेल तर त्यांनींहि तो जवळ घ्यावा. मुलांना फिरवूं द्यावा, पण पडूं देऊं नये.

नागपूरकरांना झीरो माइलच्या दगडाचा अभिमान आहे. तेव्हां आपण प्रवासास तेथूनच निघूं. नागपूर साधारण २१ उत्तर अक्षांशावर आणि ७९ पूर्व रेखांशावर आहे. नागपुरावर बोट ठेवून तें रेखांशाच्या रेघेवरून सरळ दक्षिणेकडे आणावें. रामेश्वराच्या आसपास बोट समुद्रांत उतरतें. विषुववृत्त लागतें तें भर समुद्रांत. आणि त्यानंतर त्या रेघेवर हजारों मैल नुसतें निळें पाणी. ३८ व्या दक्षिण अक्षांशाजवळ, रेघेच्या किंचित् पश्चिमेस, अ‍ॅम्स्टरडॅम आणि सेंट पॉल अशीं ज्वालामुखीनें घडविलेलीं दोन चिमुकलीं बेटें आहेत. तीं फ्रान्सच्या ताब्यांत आहेत. ह्या वाटेवरचा पहिला पेंग्विन आपल्याला येथें भेटतो. त्याला रॉकहॉपर म्हणतात. उंची जेमतेम दीडपावणेदोन फूट, डोळे तांबडे, कपाळावर दोन्ही बाजूंस पिवळ्या पिसांचे तुरे, आणि चालण्याऐवजीं दोन्ही पाय जुळवून खडकांवरून टुणटुण उड्या मारण्याची खोड. येथें बर्फ नाहीं. वारा, पाऊस आणि गवत आहे. सांगावयाचें तें हें कीं, आपल्या कन्याकुमारीचे पाय धुणाऱ्या हिंदी महासागरांतच पेंग्विनचीं घरें आहेत. शाळेच्या पुस्तकांतून हें कोणी सांगितल्याचें मला तरी स्मरत नाहीं.

तसेंच पुढें गेलें म्हणजे ४९ व्या अक्षांशाजवळ कर्गेलेन आणि ५३ व्या अक्षांशाजवळ हर्ड हीं बेटें लागतात. येथें चारचार जाती एकत्र नांदतात. एक जेन्टू. हाच शब्द कंपनी सरकारच्या काळांत इंग्रज लोक आपणां हिंदूंना लावीत. तो ह्या पक्ष्याला कसा चिकटला ह्याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. दुसरा मॅकरोनी. अठराव्या शतकांत इंग्लंडांत परदेशी थाटानें नटणाऱ्या छानछोकी तरुणांना मॅकरोनी म्हणत. ह्या पक्ष्याचा सोनेरी तुरा पाहून खलाशांना त्यांची आठवण झाली. तिसरा रॉकहॉपर, आणि चौथा राजा पेंग्विन. हा तीन फूट उंच, कानामागें नारिंगी रंगाचा ठसा असलेला, खरोखरच राजबिंडा पक्षी आहे. नागपूरकराला तो रंग पाहून आपल्या संत्र्यांची आठवण होते. त्याचें पिल्लूं मात्र वर्षभर तपकिरी लोकरीच्या बंडींत गुरफटल्यासारखें दिसतें, आणि आईबापांहून जाडजूड असतें. एक पिल्लूं स्वतंत्र व्हावयास वर्षाहून अधिक काळ लागतो, म्हणून राजा पेंग्विनच्या जोडप्याला तीन वर्षांत फार तर दोन पिल्लें वाढवितां येतात.

ह्या राजाविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण पेंग्विनचें घर म्हणजे काय ह्याची किल्ली त्याच्यापाशीं आहे. कर्गेलेनच्या पश्चिमेस क्रोझे नांवाचा बेटांचा पुंजका आहे. त्यांतील 'डुकरांचें बेट' ह्या नांवाच्या बेटावर १९८० च्या सुमारास राजा पेंग्विनचीं जवळजवळ पांच लक्ष जोडपीं मोजलीं गेलीं होतीं. जगांत इतकी मोठी त्यांची वस्ती दुसरी नव्हती. पुढें तीस-पस्तीस वर्षांनीं आकाशांतून घेतलेलीं छायाचित्रें तपासलीं तेव्हां असें दिसलें कीं, दहांतील जवळजवळ नऊ पक्षी नाहींसे झाले आहेत. बेट होतें तेथेंच आहे. जमीन तीच, हवा जवळजवळ तीच. मग घडलें काय? ह्याचें पुरतें उत्तर मिळालेलें नाहीं. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. राजा पेंग्विन बेटावर केवळ अंडें घालावयास येतो, जेवावयास दूर समुद्रांत जातो. दक्षिणेकडचें गार पाणी आणि उत्तरेकडचें त्याहून ऊबदार पाणी जेथें एकमेकांस भिडतें, त्या सीमेवर त्याचें अन्न असतें, आणि त्यासाठीं त्याला एका बाजूनें दोनतीनशें मैल पोहावें लागतें. ज्या वर्षीं समुद्र तापतो त्या वर्षीं ही सीमा आणखी दक्षिणेस सरकते. घर होतें तेथें राहतें आणि स्वयंपाकघर शंभर मैल पुढें जातें! मग किनाऱ्यावर उपाशी बसलेल्या पिल्लाकडे आईबाप वेळेवर परततील कसे?

आतां शेवटचा टप्पा. नागपूर २१ अंश उत्तरेस. आपलें बोट ६९ अंश दक्षिणेस पोंचलें कीं बेरीज बरोबर ९० होते. म्हणजे पृथ्वीचा पाव वळसा, सुमारें ६,२०० मैल. येथें, आपल्या रेघेच्या अगदीं जवळ, ७६ रेखांशावर, लार्समन टेकड्यांत हिंदुस्थानचें 'भारती' हें संशोधनकेंद्र २०१२ पासून चालूं आहे. नागपुराहून नाकासमोर दक्षिणेस गेल्यास आपल्याच देशाचा झेंडा दिसतो, हें ऐकून आमच्या घरांतल्या मुलांनीं टाळ्या पिटल्या. हिंदुस्थानची पहिली अंटार्क्टिका-मोहीम डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखालीं १९८१ च्या डिसेंबरांत गोव्याहून निघाली आणि १९८२ च्या जानेवारींत त्या खंडावर उतरली. आजहि ह्या कामाची मुख्य संस्था गोव्यांत वास्को येथेंच आहे.

ह्या किनाऱ्यावर मात्र पुतण्याच्या चित्रांतला बर्फ खरा आहे. येथें दोन पेंग्विन राहतात, अ‍ॅडेली आणि सम्राट. अ‍ॅडेली हें नांव द्युमाँ द्युर्व्हिल नामक फ्रेंच दर्यावर्द्यानें आपल्या पत्नीवरून ठेविलें. पत्नीचें नांव खंडाच्या एका भागाला आणि त्यावरून पक्ष्याला मिळवून देणारे नवरे फार थोडे! अ‍ॅडेलीलाहि बर्फावर घरटें करतां येत नाहीं. उन्हाळ्यांत उघडा पडलेला खडक त्याला लागतो. तेथें तो खड्यांची रास करतो, आणि शेजाऱ्याची पाठ वळली कीं त्याचे खडे चोरतो.

सम्राट पेंग्विन तेवढा सर्वस्वीं बर्फाचा. चार फुटांपर्यंत उंची, आणि अंडें घालण्याची वेळ ऐन हिंवाळ्याची. जमिनीवर तो बहुधा येतच नाहीं. गोठलेला समुद्र हेंच त्याचें अंगण. मादी एकच अंडें घालते, तें नराच्या पायांवर सोंपविते आणि समुद्राकडे निघून जाते. नर दोन महिन्यांहून अधिक काळ तें अंडें पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीच्या घडीखालीं झांकून, उणें चाळीस अंशांच्या वाऱ्यांत इतर नरांशीं अंग घासून उभा राहतो. जोडीदार शोधण्यापासून पिल्लूं बाहेर येईपर्यंत त्याला जवळजवळ चार महिने उपास घडतो. आपल्याकडे चातुर्मास लागतो त्या सुमारास त्याचा उपास संपत आलेला असतो. आमच्या आईला हा भाग फार आवडला, "आणि हे व्रत बायका नव्हे, पुरुष करतात!" असें म्हणून तिनें माझ्याकडे आणि माझ्या भावाकडे जरा रोखून पाहिलें.

परंतु हें अंगण सुद्धां पाण्याचेंच. पिल्लाला पोहण्याजोगीं पिसें येईपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, तें टिकलें पाहिजे. २०१६ सालीं हॅली उपसागरांत बर्फ अवेळीं फुटला आणि तेथील मोठ्या वस्तींतलीं त्या वर्षींचीं जवळजवळ सगळीं पिल्लें बुडालीं. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउसेन समुद्रांतल्या पांच वस्त्यांपैकीं चार वस्त्यांत हेंच घडलें. सम्राटाचें सुद्धां घर जमिनीवर नाहीं, हें तेव्हां जगाला नीट समजलें.

असो. हा झाला नागपुराहून दक्षिणेचा सरळ रस्ता. ह्या रस्त्यावर ३८ अंशांच्या अलीकडे पेंग्विन नाहीं. कां नाहीं? आपल्या बाजूचा समुद्र ऊबदार आहे म्हणून. जमीन किती तापते ह्याला पेंग्विन फारशी किंमत देत नाहीं. तो पाण्याला नाडी पाहतो. ह्याची खात्री पटवून घ्यावयाची तर गोल अर्धा वळसा फिरवावा आणि दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा समोर आणावा.

तेथें पेरू देशाची राजधानी लिमा १२ दक्षिण अक्षांशावर आहे. म्हणजे विषुववृत्तापासून नागपूर जितकें दूर, त्याच्या निम्म्याहून थोडेंच अधिक. तेथील किनारा म्हणजे वाळवंट. लिमा शहरांत पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. अशा उजाड, करड्या, झाड नसलेल्या किनाऱ्यावर हम्बोल्ट पेंग्विन बिळें करून राहतो. पेरूपासून दक्षिणेस चिली देशापर्यंत त्याचा मुलूख पसरला आहे. चोंचीच्या मुळाशीं आणि डोळ्यांभोंवतीं त्याचें कातडें उघडें, गुलाबी असतें; उकाडा झाला म्हणजे तो तेथून अंगांतली उष्णता बाहेर टाकतो, पंख पसरतो आणि कुत्र्यासारखा धापा टाकतो. बर्फाच्या प्राण्याला ह्या सोयी कशाला लागल्या असत्या?

त्याला तेथें बांधून ठेवणारी वस्तु समुद्रांत आहे. त्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे गार पाण्याचा एक प्रवाह वाहतो. १८०२ सालीं अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञानें त्या पाण्यांत उष्णतामापक बुडवून त्याचा गारवा मोजला. म्हणून प्रवाहाला आणि पुढें पक्ष्यालाहि त्याचें नांव मिळालें. शिवाय तेथील वारे आणि पृथ्वीचें भ्रमण ह्या दोहोंच्या योगानें किनाऱ्याजवळचें वरचें पाणी बाहेर लोटलें जातें आणि त्याची जागा भरावयास तळाचें थंड पाणी वर येतें. विहिरीचा गाळ उपसला कीं जमिनीला खत मिळतें, तसें हें तळाचें पाणी समुद्राला खत घालतें. त्यावर सूक्ष्म वनस्पति वाढतात, त्या खाऊन अँकोव्ही नांवाचे बोटभर मासे कोट्यवधि होतात. मुंबईच्या बाजारांत ज्यांना मांदेली म्हणतात त्यांच्या चुलत घराण्यांतले हे मासे. आमच्या घरीं मासे चालत नाहींत, म्हणून ही माहिती मला कोंकणांतल्या एका स्नेह्याकडून पडताळून घ्यावी लागली. त्या माशांवर पेंग्विन आणि इतर लाखों समुद्रपक्षी जगतात.

पक्षी लाखों, आणि पाऊस नाहीं. म्हणून त्यांची विष्ठा वाहून न जातां बेटांवर सांचत गेली. चिंचा नांवाच्या बेटांवर तिचे थर शंभर फुटांहून जाड होते. हेंच ग्वानो खत. १८४० नंतर युरोपांतल्या शेतकऱ्यांना त्याचें असें वेड लागलें कीं, चीन देशांतून करारानें आणलेल्या मजुरांकरवीं तीं बेटें खरवडून काढण्यांत आलीं आणि पेरूचें सरकार त्या पैशावर कित्येक वर्षें चाललें. ह्या व्यापारांत श्रीमंत झाले ते झाले. पेंग्विन मात्र बेघर झाला. त्या मऊ थरांत तो बीळ खणीत असे. थर गेले आणि खाली उरला नुसता खडक. मग अंडें उघड्यावर, कपारींत, ऊन आणि लुटारू पक्षी ह्यांच्या स्वाधीन. पुढें १९०९ सालीं पेरू सरकारनें खताचा कारभार आपल्या हातीं घेऊन बेटांवर पहारे बसविले. हेतु खताचा असला तरी पक्ष्यांचाहि त्यानें कांहीं बचाव झाला.

ग्वानोनंतर पाळी आली माशांची. १९७० च्या सुमारास पेरूच्या बोटी वर्षाला एक कोटी टनांहून अधिक अँकोव्ही काढूं लागल्या होत्या, आणि तेहि बहुतेक माणसांच्या ताटासाठीं नव्हे, तर वाळवून, भुकटी करून कोंबड्यांना आणि डुकरांना चारण्यासाठीं. १९७२ सालीं समुद्र तापला आणि तो सारा धंदा कोलमडला.

समुद्र तापतो ह्या प्रकाराचें नांव आपल्याकडे आतां शेतकऱ्याच्याहि तोंडीं आहे. एल् निन्यो! पेरूच्या कोळ्यांनीं दिलेलें हें नांव. नाताळाच्या सुमारास येणारें ऊबदार पाणी म्हणून 'बाळ', म्हणजे बाल येशू. नांव गोंडस, करणी मोठी भयंकर. कांहीं वर्षांच्या अंतरानें हें ऊबदार पाणी जोर धरतें, तळाचें थंड पाणी वर येणें थांबतें, मासे खोल जातात किंवा निघून जातात. १९८२-८३ सालीं असेंच झालें. त्या वर्षीं हम्बोल्ट पेंग्विन मोठ्या संख्येनें मेले. आणि त्याच १९८२ सालीं इकडे आपल्या देशांत पाऊस ताणला, पिकें करपलीं. म्हणजे वऱ्हाडांतला कापूस आणि पेरूचा पेंग्विन एकाच समुद्राच्या लहरीवर टांगलेले आहेत. अर्थात् हा हिशेब नेहमीं जुळतोच असें नव्हे. १९९७ चा एल् निन्यो तितकाच जबर होता, पण त्या वर्षीं आपल्याकडे पाऊस बरा झाला. पेंग्विनची त्या खेपेलाहि सुटका झाली नाहीं.

ह्याहून अधिक नवल पाहावयाचें असेल तर बोट पेरूवरून वायव्येकडे, थेट विषुववृत्तावर न्यावें. तेथें इक्वेडोर देशाचीं गालापागोस बेटें आहेत आणि तेथेंहि पेंग्विन आहेत! पश्चिमेकडच्या दोन बेटांपाशीं समुद्राच्या पोटांतून पूर्वेकडे वाहत आलेला थंड प्रवाह वर येतो, तेवढ्या गार पाण्याच्या पट्ट्यांत ते राहतात. इसाबेला बेटाचें टोंक विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे; त्यामुळें उत्तर गोलार्धांत रानटी स्थितींत राहणारा एवढा एकच पेंग्विन. सारी संख्या दोनतीन हजारांच्या आंतली. १९८२-८३ च्या एल् निन्योंत त्यांपैकीं जवळजवळ तीन चतुर्थांश नाहींसे झाले होते. त्यांना पळून जावयास दुसरी जागा नाहीं. चहूंकडे तापलेला समुद्र आहे.

असाच थंड प्रवाह आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ आहे आणि तेथेंहि पेंग्विन आहेत. १४९७ सालीं वास्को द गामा आपल्याकडे येत असतां आफ्रिकेच्या दक्षिण टोंकापाशीं त्याच्या लोकांनीं हे न उडणारे आणि गाढवासारखे ओरडणारे पक्षी पाहिल्याची नोंद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं ते दहा लाखांहून अधिक होते. अंडीं पेटाऱ्यांनीं भरून बाजारांत जात. ग्वानो तेथेंहि खरवडला गेला. मग तारलीसारख्या माशांवर मोठ्या जाळ्यांची धाड पडली. आज त्यांचीं दहा हजार जोडपींहि उरलेलीं नाहींत, आणि २०२४ सालीं ही जात नष्ट होण्याच्या अगदीं कांठावर असल्याचें जाहीर झालें आहे. केपटाउनजवळ सायमन्स टाउन येथें लोकांच्या बंगल्यांच्या कुंपणाशीं ते येऊन राहिले आहेत. तेथें माणसें पोहतात आणि शेजारीं पेंग्विनहि.

राहिले ते थोडक्यांत. आर्जेंटिना आणि चिलीच्या दक्षिणेस मॅगेलनचा पेंग्विन. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि न्यूझीलंडांत सर्वांत लहान, फूटभर उंचीचा, निळसर पेंग्विन. दिवस मावळल्यावर तो थव्यानें समुद्रांतून घरीं येतो. न्यूझीलंडांतच पिवळ्या डोळ्यांचा, आणि फियोर्डलंडचा. हा दाट, सदा ओल्या अरण्यांत झाडांच्या मुळांखालीं घर करतो. पेंग्विन आणि नेच्यांचें रान हें चित्र कोणाच्या वहींत पाहिलें आहे का? आणि न्यूझीलंडच्या दक्षिणेस एकेका बेटापुरत्या राहणाऱ्या तुरेवाल्या जाती आहेत; स्नेअर्स बेटांचा स्नेअर्सवरच, मॅक्वारीचा मॅक्वारीवरच.

आतां राणीच्या बागेकडे वळूं, नाहीं तर आईचें समाधान व्हावयाचें नाहीं. २०१६ च्या जुलैंत दक्षिण कोरियांतील सोल शहराहून ८ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईस आणले. त्यांतला एक त्याच वर्षीं ऑक्टोबरांत दगावला, आणि वर्तमानपत्रांतून व न्यायालयांतहि बराच वाद झाला. १५ ऑगस्ट १९४७ नंतर हिंदुस्थानच्या भूमीवर जन्मलेलें पहिलें पेंग्विनचें पिल्लूं, योगायोग असा कीं, १५ ऑगस्ट २०१८ लाच अंड्यांतून बाहेर आलें. आठवडाभरांत तें गेलें. पुढें मात्र पिल्लें जगलीं आणि वस्ती आरंभीच्या दुपटीहून अधिक वाढली. त्यांच्या कांचेच्या घरांतली हवा १६ ते १८ अंशांवर ठेवितात. हा आंकडा ध्यानांत घ्यावा. तो ध्रुवाचा नव्हे. साधारण लिमाच्या समुद्राचा आहे. आपल्या नागपुरांत डिसेंबरांतली पहांट ह्याहून कितीतरी गार असते.

तेव्हां "बर्फांतला पक्षी उकाड्यांत आणला" ही तक्रार खरी नाहीं. पण म्हणून तक्रारीला जागाच नाहीं असेंहि मी म्हणणार नाहीं. माझें मत विचाराल तर, उणीव आहे ती समुद्राची. दिवसांतून मैलोगणती पोहणाऱ्या पक्ष्याला कांचेमागच्या कुंडांत फेऱ्या घालाव्या लागतात, आणि बाहेर उभे असलेले आपण त्याला बर्फाचा समजून त्याची कींव करीत असतों. तेथें जाणाऱ्या हजारों मुलांपैकीं शंभरांना जरी पेरूचा किनारा, ग्वानो आणि अँकोव्ही हीं नांवें कळलीं तर त्या आठ पक्ष्यांना इतकें दूर आणल्याचें थोडें तरी सार्थक होईल. नुसत्या छायाचित्रांनीं तें होणार नाहीं.

पुतण्यानें हें सर्व ऐकून अस्वल खोडून टाकलें. बर्फाच्या जागीं त्यानें पिवळी वाळू रंगविली आणि कोपऱ्यांत, मला न विचारतां, सूर्य काढला. चित्र शाळेंत दाखविल्यावर काय होईल ह्याची मला थोडी धास्ती आहे.

आईनें मात्र त्या दिवशीं आणखी कांहीं विचारलें नाहीं. चारपांच दिवसांनीं सकाळीं वर्तमानपत्र माझ्या हातांत असतां तिनें स्वयंपाकघरांतून हांक मारली, "अरे, यंदाच्या पावसाचें काय म्हणतात? आणि त्या पेरूच्या समुद्राचें कांहीं आलें आहे का त्यांत?"